चोवीस गेजचं चिलखत

शेवडे बाई म्हणाल्या, नाइट हवाय एक.
म्हटलं, रात्रपाळीला माणूस आहे आपला.
हसल्या. मग पुस्तक उघडून दाखवलं:
घोड्यावर बसलेला पत्र्याचा माणूस,
डोळ्यांच्या जागी नुसती फट.

अजमानच्या औद्योगिक वसाहतीत
माझं काम डक्टचं.
थंड हवेला वाट करून द्यायची
आणि आपण उन्हात.
चिलखत मागणारं गिऱ्हाईक
अकरा वर्षांत हे पहिलंच.

मापाला पोरगा आला. नेविन, सातवी ब.
छाती सव्वीस इंच, तीही श्वास भरून.
तुला सरदार कुणी केलं रे?
म्हणाला, उंच आहे म्हणून.

बाई गोष्ट सांगत होत्या, मी पत्र्यावर खुणा मारत होतो.
नाटक त्यांनीच रचलेलं,
जुन्या इंग्लंडातल्या गोष्टींच्या साच्यावर.
सरदार शब्द देतो.
दिल्या शब्दासाठी जंगल, बर्फ, नदी ओलांडतो.
बाईमाणसापुढे मान लववतो.
शत्रू घसरून पडला तर
त्याला उठू देतो, मगच वार.

इथे माझी कात्री थांबली.
उठू देतो?
बाई म्हणाल्या, तीच तर रीत.

चोवीस गेजचा जी.आय. पत्रा.
खांद्याला तीन पाकळ्या, कोळंबीच्या पाठीसारख्या.
कोपराला रिव्हेट.
कडा सगळ्या दुमडून घेतल्या,
पोराचा गळा कापायला नको.
आतून काळा फोम,
जो आम्ही गारवा निसटू नये म्हणून लावतो.

एकच विचारलं मी:
हे अंगावर चढवतं कोण?
पाठीचे पट्टे ज्याचे त्याला बांधता येत नाहीत.
हात मागे वळवून पाहिला होता मी.
असतो एक पोरगा, बाई म्हणाल्या, सरदाराच्या पदरी.
त्याचं नाव?
बाईंनी पानं चाळली.
पुढची चाळली, मागची चाळली.

त्यावरून गुलजमान आठवला.
गेल्या ऑगस्टात मुरुगेसन डक्टमध्ये शिरला
सांधे भरायला,
आणि ओ द्यायचा थांबला.
फोरमन फोन शोधत होता.
मी शिडी धरून उभा होतो.
शिडी तर क्लॅम्पने बांधलेली होती.

गुलजमानचं आणि त्याचं
सहा नंबरच्या ड्रिल बिटावरून
तीन आठवडे बोलणं बंद.
तोच तोंडाला फडकं बांधून आत गेला,
पाय धरून ओढत आणलं त्याला बाहेर.
पाणी मारलं. डोळे उघडले.
गुलजमान म्हणाला,
बिट कुठंय माझं?

कुणी मान वगैरे लववली नाही.
मी शिडी सोडली, एवढंच.

नाटकाच्या रात्री पडद्यामागे मी.
पट्टे आवळले. गच्च नाही, बोट जाईल इतके.
पोराची धडधड पत्र्यातून हाताला लागत होती,
पंखा सुरू झाला की डक्ट थरथरतो तशी.
अंकल, संवाद विसरलो तर?
म्हटलं, मला कुठे येतोय एक तरी.
सावकाश चाल, गुडघ्यात वाजेल.

गेला उजेडात.
समोरचा पडायचा होता ठरल्याप्रमाणे,
तो खरंच घसरला.
चष्मा एकीकडे, तलवार दुसरीकडे.
आमचा थांबला.
नाटकात होतं त्याहून जास्त थांबला.
मग वाकला, सगळा पत्रा कण्हला,
आणि आधी चष्मा उचलून दिला.

बाई विंगेतून कुजबुजत होत्या, संवाद, अरे संवाद!
संवाद काही आला नाही त्याला.

टाळ्या पडल्या म्हणतात.
मी नीट ऐकल्या नाहीत.
डाव्या खांद्याचा पट्टा सुटत चालला होता,
माझं लक्ष तिकडे.